खाडीचे घड्याळ : पेणच्या खारेपाटापासून रोह्यापर्यंत

पेण म्हटले की आपल्याला गणपती आठवतात, पोहे आणि पापड आठवतात. रोहे म्हटले की धावीर महाराजांची पालखी आणि तिला बंदूकधारी पोलिसांनी दिलेली मानवंदना आठवते. ही दोन्ही गावे रायगड जिल्ह्यातली. १९८१ सालापर्यंत या जिल्ह्याला कुलाबा म्हणत असत. दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत बसा, नाहीतर पनवेलहून एस.टी.ने गोव्याच्या रस्त्याला लागा. वाटेत पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड ही नावे एकामागून एक येतात. गाडीतून जाणाऱ्याला उजवीकडे नुसती सपाट शेते दिसतात आणि पलीकडे तिवरांची हिरवी रेघ. त्या रेघेपलीकडे काय आहे याचा त्याला पत्ता नसतो.

त्या रेघेपलीकडे समुद्र आहे. समुद्र म्हणजे लाटा आणि वाळू नव्हे. चिखलातून, खाजणातून, नागमोडी खाड्यांतून दिवसातून दोनदा आत येणारे आणि दोनदा परत जाणारे खारे पाणी. या पाण्याचे येणे-जाणे ज्याला समजले त्याची शेती पिकते, ज्याला समजले नाही त्याची नासते. म्हणून वाचकहो, आज तुम्हाला या भागात नेतो ते देखावे दाखवायला नव्हे. इथे एक जुने घड्याळ आहे आणि एक नवे. कोणत्या घड्याळावर किती विसंबावे, हा प्रश्न इथल्या घराघरांत आहे. तुम्ही देशावरचे असा की कोकणातले, हा प्रश्न तुमच्याही घरी येणार आहे. नव्हे, आलाच असेल.

दोन नद्या, दोन खाड्या

आधी जागा समजून घेऊ. आंबा नदी खंडाळ्याच्या बाजूच्या डोंगरांतून उतरते, जांभुळपाड्यावरून नागोठण्याला येते आणि पुढे धरमतरच्या खाडीत मिसळते. पेण गावाजवळून भोगावती वाहते, तीही खाडीलाच मिळते. या खाड्यांच्या काठचा जो सखल पट्टा, वाशी, वढाव, शिर्की आणि आसपासची गावे, त्याला खारेपाट म्हणतात. आणखी दक्षिणेला कुंडलिका. ती भिऱ्याकडून निघते, कोलाडवरून रोह्याला येते, आणि रेवदंडा-कोर्लईजवळ समुद्राला मिळते. रोह्याची नगरपालिका रोहे-अष्टमी म्हणून ओळखली जाते. अष्टमी हे नदीपलीकडचे गाव. योगायोग असा, की तिथी मोजल्याशिवाय ज्यांचे चालत नाही अशा मुलखात गावाचे नावच अष्टमी!

खारेपाटातली जमीन देवाने दिली तशी नाही. ती माणसाने समुद्राकडून मागून घेतली आहे. खाजणाभोवती मातीचा बांध घालायचा, भरतीचे पाणी बाहेर अडवायचे, पावसाच्या गोड्या पाण्याने आतले मीठ धुऊन काढायचे आणि मग भात लावायचे. हे काम एका माणसाचे नव्हे, एका पिढीचेही नव्हे. जुन्या काळी असे बांध घालून जमीन तयार करणाऱ्या आणि बांध राखण्याची जबाबदारी घेणाऱ्यांना शिलोत्रीदार म्हणत. शिलोत्री ही इथली जमीनधारणेची एक वेगळी रीतच होती. अलिबागकडे गावाने मिळून बांध राखण्याच्या रिवाजाला जोळ म्हणत. ज्याची जमीन बांधाला लागून, त्यानेच माती टाकायची असे नव्हते. ज्याचे शेत पार आत, त्यानेही टोपली उचलायची, कारण पाणी आत आले तर सर्वांच्याच ताटातला भात जायचा. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली खारजमिनींचा कायदा झाला, १९७९ साली नवा कायदा आला आणि बांधांचे पुष्कळसे काम सरकारी खात्याकडे गेले.

या जमिनीवर लोकांचा जीव किती, हे सांगायला एक गोष्ट पुरे. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी गावी १९३३ साली कुळांनी खोतांची जमीन कसायची नाही असा संप केला आणि तो १९३९ सालापर्यंत चालवला. सहा वर्षे माणसे उपासमार सोसून राहिली, पण मागे हटली नाहीत. नारायण नागू पाटलांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडलेले आहे. अशी कष्टाने आणि लढून मिळवलेली जमीन एका रात्रीत खारी होऊ शकते. बांधाला एक खांड पडली, उधाणाचे पाणी आत शिरले, की ते मीठ धुऊन निघायला दोन-तीन पावसाळे जातात. म्हणून इथे भरतीची वेळ ठाऊक असणे हा शौक नाही, पोटाचा प्रश्न आहे.

उघाडी नावाचा पहारेकरी

बांधात जागोजागी उघाडी असते. उघाडी म्हणजे पाणी जाण्याची वाट आणि तिच्या तोंडाशी झडप. झडप खाडीच्या बाजूला, वर बिजागरीला टांगलेली. भरती आली की बाहेरचे पाणी झडपेला दाबून बंद करते. ओहोटी लागली की आत साचलेले पावसाचे पाणी तिला ढकलून उघडते आणि बाहेर निघून जाते. ना वीज, ना माणूस, ना किल्ली. पाणी स्वतःच दार लावते आणि स्वतःच उघडते. कोणा एका जुन्या डोक्याने काढलेली ही युक्ती पाहून आजचा इंजिनियरही मान डोलावील.

पण पहारेकरी कितीही इमानी असला तरी त्याच्यावर नजर ठेवावी लागते. झडपेत एखादा ओंडका अडकला, प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा बसला, बिजागरी गंजली, की झडप पूर्ण लागत नाही. बाहेरून पाहावे तर उघाडी आहे तशीच दिसते, आणि आत खारे पाणी झिरपत असते. बांधाचेही तसेच. खेकडे त्यात बिळे करतात. आज बोटाएवढे बीळ, उद्या मनगटाएवढे, आणि उधाणाच्या दिवशी तिथूनच माती सुटते. म्हणून जाणता शेतकरी उधाणाच्या आधी, ओहोटी असताना, बांधावरून एक फेरी मारतो. ही फेरी कधी मारायची? ओहोटी कधी असेल? इथून आपल्या घड्याळाची गोष्ट सुरू होते.

पाऊणकीचा पाढा

खारेपाटातल्या एखाद्या आजोबांना विचारा, "आबा, आज भरती कधी?" ते आधी उलट विचारतील, "आज तिथी कोणती?" तुम्ही म्हणालात पंचमी, तर ते बोटांच्या पेरांवर हिशेब करून सांगतील, "पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भर."

हा सारा हिशेब एका पाढ्यात आहे. आपल्या जुन्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकून घेत. मुले कंटाळत. पण कोकणच्या किनाऱ्यावर पाऊणकी म्हणजे भरतीचे वेळापत्रकच. तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पुरी भरती. दिवसाही तेवढ्याच वाजता, रात्रीही साधारण तेवढ्याच वाजता. चार पाऊण तीन, म्हणजे चतुर्थीला तीन वाजता. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. अकरा पाऊण सव्वाआठ, ही एकादशी. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की वद्य अथवा शुद्ध प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचे.

पाऊणच का? याचेही कारण सोपे आहे आणि घरातल्या शाळकरी मुलाला समजावून सांगता येण्याजोगे आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. चंद्र रोज आकाशात थोडा मागे राहतो, म्हणून रोज उशिरा उगवतो. आपल्या पंचांगात एक तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यात बारा अंशांचे अंतर वाढणे. तीस तिथींत बारा-बारा करून ३६० अंश पुरे होतात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. मग बारा अंशांना वेळ किती? ४८ मिनिटे. म्हणजे तिथीगणिक भरती ४८ मिनिटे पुढे जाते. आपल्या पूर्वजांनी ४८ च्या ठिकाणी ४५ धरली, कारण पाऊण तासाचा पाढा तोंडी येतो आणि ४८ चा येत नाही. तीन मिनिटांची सूट देऊन त्यांनी सारा किनारा हिशेबी केला. हा सौदा वाईट नव्हता.

भरतीची वेळ कळली की ओहोटीची कळतेच. भरतीपासून सहा तास आणि वर थोडी मिनिटे गेली की पुरी सुकती. पौर्णिमा-अमावास्येला पुरी भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, म्हणून सुकती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. अष्टमीला उलट, सुकती भर दुपारी. खाजणात निवट्या आणि चिंबोऱ्या धरायला जाणाऱ्या बायका हे पाठ जाणतात. त्यांना कोणी शिकवायला गेले नव्हते.

दुसरी गोष्ट उधाण आणि भांग यांची. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य-चंद्र एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते. पाणी खूप चढते आणि खूप उतरते. ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ओढ काटकोनात, म्हणून पाणी थोडे चढते, थोडे उतरते. तो भांग. मात्र एक ध्यानात ठेवा. सर्वांत मोठे पाणी ठीक पौर्णिमेच्या दिवशी येत नाही, एक-दोन दिवस मागाहून येते. पौर्णिमा सुखरूप पार पडली म्हणून बांधाकडे पाठ फिरवणाऱ्याला द्वितीयेचे पाणी गाठते. आणि आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यात उधाणाची दुपारची भरती मोठी, तर हिवाळ्यात रात्रीची मोठी. भाताच्या दिवसांत संकट डोळ्यांदेखत येते. पोपटी लावण्याच्या दिवसांत ते सारे झोपले असताना येते.

पाढा कुठे चुकतो

आता जुन्याचे कौतुक पुरे. पाऊणकी अंदाज देते, मिनिट देत नाही. तीन मिनिटांची सूट साचत जाते. अष्टमीपर्यंत ती चोवीस मिनिटे होते आणि पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा येतात, जिथे बाराच्या आसपास यायला हवेत. भरती रोज सारख्याच चालीने पुढे सरकते असेही नाही. उधाणाच्या दिवसांत ती रोज जेमतेम अर्धा-पाऊण तास सरकते, भांगाच्या दिवसांत तासाहून अधिक. शिवाय कॅलेंडरावरची तिथी सूर्योदयाची असते. ती सकाळी नवालाच संपून पुढची लागलेली असू शकते. कधी तिथीचा क्षय, कधी वृद्धी. हे सारे मिळून तास-सव्वा तासाचा फरक पडायला वेळ लागत नाही. बांधावर फेरी मारायला एवढा अंदाज पुरतो. होडी बंदराला लावायला पुरत नाही.

आणि पाढा मुळीच सांगत नाही ती गोष्ट म्हणजे पाणी किती चढेल. वेळ कळते, उंची कळत नाही.

खिशातला फोन

आता नवे घड्याळ. हल्ली पोरे खिशातून फोन काढतात आणि क्षणात सांगतात, आज भरती दुपारी इतके वाजून इतक्या मिनिटांनी, उंची चार पूर्णांक अमुक मीटर. आजोबा हसतात. पोरे आजोबांना हसतात. दोघांनीही हसू नये.

फोनमधला आकडा आकाशातून पडलेला नाही. त्यामागेही तेच चंद्र-सूर्य आहेत आणि फार मोठी मेहनत आहे. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राची उंची मोजून नोंदली जात आली. चंद्राची ओढ, सूर्याची ओढ, चंद्राचे जवळ येणे-दूर जाणे, प्रत्येकाचा हिस्सा त्या नोंदींतून वेगळा काढता येतो. १८७२ च्या सुमारास विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी हे हिस्से चाकांनी आणि कप्प्यांनी बेरजेत घेणाऱ्या यंत्राची कल्पना काढली. एका हिस्स्याला एक चाक. सर्व चाकांवरून एकच तार नेलेली. दांडा फिरवला की तारेच्या टोकाची लेखणी वर्षभराच्या भरत्या कागदावर काढी. हिंदुस्थानच्या बंदरांसाठी १८७९ साली लंडनमध्ये एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली असे यंत्र तयार झाले. आज ते काम विजेचे गणकयंत्र करते आणि भारतीय सर्वेक्षण खाते भरतीची कोष्टके छापते. म्हणजे यंत्राने भरती सांगणे हे कालचे फॅड नाही. जवळजवळ दीडशे वर्षांची परंपरा त्यालाही आहे. पाऊणकीत एकच चाक होते, इथे पुष्कळ आहेत, एवढाच फरक.

मग फोनवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? इथे थांबा.

पहिली गोष्ट, आपल्याकडे बहुधा दाखवली जाते ती वेळ मुंबई बंदराची. भरतीची लाट खाडीच्या तोंडाशी आल्यावर आत शिरायला वेळ घेते. धरमतरच्या पुलाकडे एक वेळ, आणखी आत आणखी उशिरा. खाडी जितकी अरुंद आणि गाळाने भरलेली, तितका उशीर. शिवाय आतल्या भागात पाणी चढायला कमी वेळ लागतो आणि उतरायला जास्त. म्हणून ते चढते तेव्हा झपाट्याने चढते. फोनला तुमच्या गावची खाडी ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट, उंचीचा आकडा. चार पूर्णांक आठ मीटर म्हणजे कशापासून? तुमच्या शेतापासून नव्हे, बांधाच्या पायथ्यापासूनही नव्हे. पाणी सहसा ज्याच्या खाली जात नाही अशी एक पातळी बंदरावर ठरवलेली असते, तिथपासूनचे ते माप. तुमच्या बांधाचा माथा त्या मापाने किती उंच, हे ठाऊक नसेल तर चार पूर्णांक आठ हा आकडा भिण्यासारखा की निश्चिंत राहण्यासारखा, ते कसे ठरवणार?

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. तो आकडा फक्त चंद्र-सूर्याचा. त्यात वारा नाही, पाऊस नाही, नदीचा पूर नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती होती. नुसती ४.४८ मीटरची भरती मुंबईला नवी नाही. नुसता पाऊसही नवा नाही. दोन्ही एका वेळी आले आणि पाण्याला जायला वाट उरली नाही. उघाडीचेही असेच होते. बाहेर भरती असताना झडप बंद; त्याच वेळी आत धो धो पाऊस; मग शेताचे तळे होते. १९८९ च्या जुलैत आंबा नदीने जांभुळपाड्याला जो हाहाकार केला तो कोणत्या तिथीला विचारून केला नव्हता.

वादळाचेही तसेच. हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो, आणि वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो ते वेगळेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. त्या दिवशी सूर्योदयाला द्वादशी होती. बारा पाऊण नऊ. म्हणजे सकाळची भरती नऊ-दहाच्या सुमाराला होऊन गेली होती आणि वादळ आले तेव्हा पाणी उतरत होते. वादळाने घरे, माडा-पोफळीच्या बागा, विजेचे खांब यांची जी नासाडी केली ती सर्वांना ठाऊक आहे. तेच वादळ तीन-चार तास आधी आले असते, तर वाऱ्याने ढकललेले पाणी पुऱ्या भरतीवर चढले असते. पाऊणकी येणाऱ्याला ही गोष्ट त्या दिवशी सकाळीच, वीज आणि फोन दोन्ही बंद असतानाही, मनात मांडता आली असती. फोन बंद पडतात ते नेमके अशाच दिवशी.

मालवणचे पाणबुडे काय सांगतात

हा वाद एकट्या खारेपाटाचा नाही. आपल्याच कोकणात, दक्षिणेला मालवण-तारकर्लीला, हल्ली हौसेने समुद्राच्या तळाशी जाणारे लोक येतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन महामंडळाने त्याचे शिक्षण देणारी संस्थाही काढली आहे. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाने हवेतला नायट्रोजन रक्तात विरतो. माणूस घाईने वर आला तर सोड्याच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तसे रक्तात बुडबुडे होतात; सांधे दुखतात, कधी हातपाय लुळे पडतात, जीवही जातो. किती खोल, किती वेळ, आणि वर कसे यावे, याची पहिली शास्त्रीय कोष्टके इंग्लंडात हाल्डेन यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. पूर्वी पाणबुड्यांना ही कोष्टके घोकावी लागत. १९८० नंतर मनगटावर बांधायची गणकयंत्रे आली आणि तीच सारा हिशेब करू लागली.

तेव्हापासून त्या लोकांतही हाच वाद आहे. काही म्हणतात, यंत्र आपल्यापेक्षा बरोबर मोजते, मग कोष्टके घोका कशाला? काही म्हणतात, यंत्र बंद पडले तर? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. यंत्र खोली आणि वेळ अचूक मोजते, क्षणाक्षणाला मोजते. माणसाच्या डोक्याला ते पाण्याखाली जमायचे नाही. पण तुम्ही रात्री जागलात, पाणी कमी प्यालात, दमलात, हे त्या यंत्राला कळत नाही. आणि पडद्यावरचा आकडा का बदलला हे ज्याला उमगत नाही, तो आकडा चुकीचा आला तरी तसाच मानील. फोनला जशी तुमची खाडी ठाऊक नाही, तसे त्या यंत्राला तुमचे शरीर ठाऊक नाही.

एका नदीला दोन घड्याळे

आता रोह्याकडे वळू, कारण तिथे गंमत आणखी वाढते. कुंडलिकेच्या मुखाकडून भरती आत येते. तिचे घड्याळ चंद्राचे. पण वरच्या अंगाला, भिऱ्याला, टाटांचे वीजघर आहे. ते १९२७ साली सुरू झाले. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीला धरण बांधून अडवलेले पाणी डोंगरातून खाली सोडतात आणि त्यावर वीज करतात. त्याच धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांनी १९२१ पासून मुळशीचा सत्याग्रह चालवला होता. जे पाणी एरवी भीमेकडे आणि पूर्वेच्या समुद्राकडे गेले असते, ते असे पश्चिमेला कुंडलिकेत येते. म्हणून उन्हाळ्यातही ही नदी वाहती. पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून ते कालव्यांनी शेतांना मिळते. कोलाडला हवेच्या रबरी होड्यांतून प्रवाहावर स्वार होणारे शहरी पाहुणे येतात, तेही याच सोडलेल्या पाण्यावर.

म्हणजे एका नदीला दोन घड्याळे. खालचे चंद्राचे आणि वरचे विजेचे. खालचे पंचांगात मिळते. वरचे पंचांगात नाही, आणि आकाशाकडे पाहूनही कळत नाही. कोरड्या ठणठणीत दिवशी, ढग नसताना पाणी वाढते. कोलाडच्या बाजूला नदीत गुरे धुवायला किंवा मुलांना घेऊन डुंबायला जाणाऱ्या पाहुण्याला आपल्या गावच्या नदीचे ज्ञान इथे उपयोगी पडत नाही. इथे आधी गावकऱ्याला विचारावे. ज्या पाण्याचा नियम आपल्याला ठाऊक नाही, त्यात घोट्याच्या वर जाऊ नये.

मग किती शिकावे?

शेवटी हिशेब मांडू. सगळे शास्त्र सगळ्यांनी शिकावे असे म्हणणे व्यवहाराचे नाही. केल्विनची चाके समजून घेतल्याशिवाय बांधावर जाऊ नये, असे कोणी म्हणत नाही. पण काहीच न शिकता आकड्यावर भरवसा ठेवणे म्हणजे डोळे मिटून बैलगाडीत बसणे. बैल शहाणे असतील तोवर ठीक.

ज्या गोष्टीत चूक झाली तर जीव जाईल किंवा जमीन जाईल, तेवढी डोक्यात हवी. बाकीची यंत्रात असली तरी चालेल. खाडीकाठच्या घरासाठी डोक्यातल्या गोष्टी चारच आहेत. पहिली, पाऊणकी, म्हणजे फोनने भलतीच वेळ सांगितली तर ती भलती आहे एवढे तरी कळेल. दुसरी, उधाण कधी आणि भांग कधी, आणि मोठे पाणी एक-दोन दिवस मागाहून येते. तिसरी, पाणी चढण्याची चाल. सहा तासांत बारा वीत पाणी चढायचे असेल तर ते पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक वीत असे चढते. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मे पाणी येते. खाजणात गेलेली माणसे पहिल्या तासाचे संथ पाणी पाहून फसतात. चौथी, पाऊस, पूर आणि वारा या तिघांचा आकडा कोष्टकात नसतो. तो आपण आपल्या मनाने मिळवायचा.

आणि एक काम घरच्या मुलांकडून करून घ्या. येत्या उधाणाला उघाडीजवळ, खाडीच्या अंगाला, एक भक्कम बांबू रोवा. त्यावर वीत-वीत अंतराने खुणा करा. एक पंधरवडा रोज पुऱ्या भरतीची वेळ आणि पाणी कोणत्या खुणेला लागले ते वहीत लिहा. शेजारी फोनमधली मुंबईची वेळ आणि उंची लिहा. पंधरा दिवसांनी तुम्हालाच दिसेल, मुंबईच्या मागून आपल्याकडे किती मिनिटांनी पाणी येते, आणि फोनमध्ये किती मीटर लिहिले असता आपल्या बांधाचा माथा किती वीत उरतो. ते दोन आकडे घराच्या भिंतीवर कॅलेंडराशेजारी खडूने लिहून ठेवा. खाडीत गाळ साचतो, बांध खचतो, म्हणून दर वर्षी पावसाच्या तोंडाशी ते पुन्हा तपासा.

हे झाले की आजोबांची पाऊणकी आणि नातवाचा फोन यांच्यात भांडण उरत नाही. फोन मिनिट सांगेल, पाऊणकी तो खरे बोलतो का ते पाहील, आणि बांबू सांगेल आपल्या बांधाचे काय. खारेपाटात फेरी मारायला याल तेव्हा कोणाच्या तरी उघाडीपाशी असा खुणांचा बांबू दिसला, तर त्या घरात मुलांना पाऊणकी येते असे खुशाल समजा.